पिकण्याची वाट पाहणारा मोतीबिंदू

गावाकडे आजही सल्ला मिळतो, ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा.’ हे थांबणे महागात पडते.

२०१५ ते २०१९ या काळात देशातील ३१ जिल्ह्यांत अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २ टक्के लोक अंध आढळले. तीन मीटरवरची बोटेही ज्यांना मोजता येत नाहीत, ते यात अंध धरले होते. यातल्या सुमारे दोन तृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. शहरांपेक्षा खेड्यांत अंधत्वाचे प्रमाण अधिक होते.

डोळ्यातले पारदर्शक भिंग वयानुसार गढूळ होते. त्यातली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि प्रकाश अडतो. मधुमेह, तंबाखू आणि उन्हातले अतिनील किरण ही प्रक्रिया वेगाने घडवतात. थेंब किंवा गोळीने गेलेली पारदर्शकता परत येत नाही. भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते. मोतीबिंदू फार पिकला, तर भिंग कडक होऊन शस्त्रक्रिया अवघड होते, कधी डोळ्यातला दाबही वाढतो.

असे थांबून राहिलेले लोक गावात जाऊन केलेल्या तपासणीतच दिसतात. उदाहरणार्थ, नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००९ दरम्यान तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले गेले. अशा अभ्यासांत संशोधकच गावकऱ्यांपर्यंत पोहोचतात. दवाखान्याच्या नोंदवहीत फक्त तिथवर येऊ शकणारेच दिसतात. सोबत यायला कोणी नाही, मजुरी बुडते, म्हणून घरीच राहिलेली म्हातारी माणसे मोजायची, तर घरोघरच जावे लागते.