वलिम्याच्या जेवणाची यादी

निकाहानंतर वराच्या घरून जे जेवण दिले जाते त्याला वलिमा म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अशा जेवणाला तुम्ही अनेकदा गेला असाल. पण त्या जेवणाची यादी कशी ठरते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? मराठीत मोठ्या जेवणाला 'मेजवानी' म्हणतात. हा शब्द फारसी 'मेजबानी'वरून आला आहे. 'हिशेब', 'खर्च', 'जिन्नस' हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत, आणि या कामात ते पावलोपावली लागतात.

आपण वडगाव रासाईचे उदाहरण घेऊ. हे गाव पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, भीमा नदीच्या काठी आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. समजा, या गावातील एका घरी वलिमा आहे आणि चारशे माणसे जेवायला येणार आहेत.

बावर्चीला बोलावण्यापूर्वी यजमानाने दिनदर्शिका पाहावी. खेड्यात वलिम्याला फक्त नातेवाईक येत नाहीत, सारे गाव येते. त्यांत गळ्यात तुळशीची माळ घातलेले माळकरी असतात. ते मांसाहार मुळीच करत नाहीत. कोणी सोमवार पाळतो, कोणी गुरुवार, कोणी शनिवार. एकादशीला तर अनेकांचा उपवास असतो. अशा दिवशी वलिमा ठेवला, तर शेजारी येतील, नवरदेवाला आहेर देतील आणि न जेवता घरी जातील. कोणत्या यजमानाला हे बरे वाटेल?

माळकरी पाहुण्यांसाठी मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि बुंदी एवढे पुरे. मात्र हा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत व्हावा. गावातलाच एखादा शाकाहारी आचारी त्यासाठी बोलावणे उत्तम. वाढपीही वेगळे ठेवावेत. एकच पळी दोन्हीकडे फिरली, तर पाहुणा ताटावरून उठेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

आता हिशेब करू. चारशेपैकी ऐंशी माणसे शाकाहारी धरली, तर बिर्याणी तीनशेवीस माणसांची झाली. माणशी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि १२५ ग्रॅम मटण धरले, तर तांदूळ ३२ किलो आणि मटण ४० किलो लागेल. तांदूळ शिजल्यावर वजनाने जवळजवळ तिप्पट होतो, म्हणून १०० ग्रॅम हा आकडा वाटतो तितका लहान नाही. जिवंत बोकडाच्या वजनाच्या सुमारे निम्मे मटण मिळते. पंचवीस किलोचा बोकड साधारण बारा किलो मटण देईल, म्हणजे चार बोकड लागतील. हे गणित तुम्ही वहीत करून पाहा. शेतात राबणाऱ्या माणसांची भूक मोठी असते, म्हणून थोडे वाढवून धरायला हरकत नाही.

बावर्ची आला की तो सांगतो, "इतक्या देगा लागतील." (देग म्हणजे बिर्याणी शिजवण्याचे मोठे भांडे.) एवढ्या उत्तरावर थांबू नका. देग लहान असते, मोठीही असते. "उस्ताद, एका देगेत तांदूळ किती किलो आणि मटण किती किलो?" असे विचारा.

मग बावर्ची आणखी पदार्थ सुचवतो. कबाब, तळलेली कोंबडी, दोन प्रकारचे गोड, आइस्क्रीम. प्रत्येक पदार्थ म्हणजे नवे भांडे, नवा वाढपी, नवा खर्च. पदार्थ दुप्पट झाले म्हणून माणूस दुप्पट जेवत नाही. तो प्रत्येकातले थोडे खातो आणि उरलेले ताटात टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या एका अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात लग्नघरांतील ताटांचाही वाटा असणारच. माझ्या मते बिर्याणी, दही-कांद्याची कोशिंबीर आणि जर्दा ही यादी पुरेशी आहे. उसाचे बिल येईल या भरवशावर उसने पैसे काढून कबाब वाढण्याची गरज नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी हजरत सफिया (र.) यांच्याशी निकाह केला, तेव्हाच्या वलिम्यात मांसही नव्हते आणि रोटीही नव्हती. खजूर, सुके पनीर आणि तूप एवढेच होते. तोही वलिमाच होता.

बावर्चीशी व्यवहार दोन प्रकारे होतो. एकात तो ताटामागे दर घेतो आणि सामान स्वतः आणतो. दुसऱ्यात सामान यजमान भरतो आणि बावर्ची फक्त मजुरी घेतो. पहिल्या प्रकारात ताटे कोण मोजणार, हे आधी ठरवावे. दुसऱ्यात किराण्याची यादी नीट वाचावी, कारण तूप आणि मसाले तिच्यात नेहमी सढळ हाताने लिहिलेले असतात.

खेड्यात सगळे पाहुणे एकदम येत नाहीत. पंगतीमागून पंगत बसते. म्हणून एका वेळी एकच देग उघडावी. दम दिलेली बंद देग बराच वेळ गरम राहते. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली आले की त्यात जंतू झपाट्याने वाढू लागतात. उघडे पडलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर संपवावे. उरलेली बिर्याणी कोणाकडे पोचवायची, हे आधीच ठरवले असेल, तर ती गरम असतानाच त्या घरी जाते. कोशिंबीर अगदी शेवटी कालवावी.

हे सारे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात : तारीख, माणसांची संख्या, पदार्थ, किलो, दर आणि दिलेला इसार. इसार म्हणजे तुमचा 'बयाना'. सरपण, पाणी आणि भांडी कोणाची, हेही लिहावे. बोकड आणि तांदूळ आणल्यानंतर माणसांचा आकडा कमी केला, तरी खर्च कमी होत नाही. म्हणून शेवटचा आकडा बावर्चीला कोणत्या दिवशी कळवायचा, तो दिवसही त्याच कागदावर घालावा.