साखर उतरली, सूज चढली

आमची अक्का ७६ वर्षांची. साताऱ्याला मुलाकडे असते. मधुमेह वीस वर्षांचा जुना, आणि हार्ट अटॅक येऊन गेल्यापासून हृदयही अधू. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे आणि आकडा मला फोनवर सांगायचा, हा तिचा शिरस्ता. एका पावसाळ्यात तिचा आवाज इतका खुललेला, की मला वाटले नातवाचे लग्न ठरले. "अरे, सात आले सात! साडेनऊचे सात!" तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती तपासणी. मीही खूश झालो. बँकेत उभी हयात गेली. आकडा जुळला की वही मिटायची, ही सवय.

दिवाळीत भाऊबीजेला गेलो, तर अक्काच्या पायांवर चपलेचे पट्टे रुतलेले. चार पायऱ्या चढली की धाप. रात्री तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायची. "वय झालं रे," एवढेच तिचे निदान. वजन मात्र दोन महिन्यांत पाच किलोंनी वाढले होते.

डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर सांगितले तेव्हा घरात रडारड झाली. त्यांनी समजावले, की हृदय बंद पडलेले नाही. पंप थकला आहे, म्हणून पाणी तुंबते आहे. मग म्हणाले, "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा."

त्या पिशवीत साखरेची एक गोळी निघाली. एका गोळीत तीन औषधे, आणि बारीक अक्षरांत तिसरे नाव पायोग्लिटाझोन. हे औषध साखर चांगली उतरवते, पण शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते. ज्याचा पंपच दुबळा, त्याला ते सोसत नाही. अमेरिकेत २००७ पासून या गटाच्या औषधांवर चौकटीत तसा इशारा छापतात.

चूक कोणाची? साखरेच्या फायलीत फक्त साखर होती, हृदयाच्या फायलीत फक्त हृदय. दोन शाखांत दोन खाती आणि खातेदार एकच. दोन्ही फायली एकाच टेबलावर ठेवणे हे घरच्यांचे काम होते. आम्ही ते केले नाही.

त्यानंतर मी समजून घ्यायला बसलो. मेटफॉर्मिन ही जुनी आणि स्वस्त गोळी. दुबळ्या हृदयाला ती पूर्वी वर्ज्य मानत. अमेरिकेने २००६ मध्ये ती मनाई उठवली. मूत्रपिंडे बरी असतील आणि प्रकृती स्थिर असेल, तर ती चालते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या साखर झपाट्याने उतरवतात. पण म्हातारपणी एखादे जेवण चुकले, तर साखर नको इतकी उतरून माणूस चक्कर येऊन पडतो. ग्लिप्टिन मंडळी एकाच घराण्यातली, पण स्वभाव वेगळे. २०१३ च्या मोठ्या चाचणीत सॅक्सॅग्लिप्टिन घेणाऱ्यांपैकी शेकडा ३.५ जणांना हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जावे लागले; न घेणाऱ्यांत हे प्रमाण २.८ होते. सिटाग्लिप्टिनच्या २०१५ च्या चाचणीत अशी वाढ दिसली नाही.

त्याच २०१५ मध्ये नवल घडले. एम्पाग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे औषध. हृदयाला धोका नाही ना, एवढेच पाहण्यासाठी हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेही रुग्णांवर चाचणी झाली, आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले! त्याचे भावंड डापाग्लिफ्लोझिन २०१९ मध्ये मधुमेह नसलेल्यांच्याही थकलेल्या हृदयाला उपयोगी ठरले. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले. त्यामुळे ही औषधे आता पेन्शनरांच्या आवाक्यात आली आहेत.

अर्थात गुणाबरोबर दोष आलेच. नाजूक जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, अंगातले पाणी आणि रक्तदाब उतरू शकतो. क्वचित साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठते. म्हणून जुलाब-उलट्या, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल, तर गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. अक्काची निर्जळी एकादशी याच कारणाने सुटली. त्या दिवशी ती माझ्यावर रुसली होती.

तिची ती तीन औषधांची गोळी डॉक्टरांनीच बदलली. आपल्या मनाने गोळी बंद करणे हा दुसरा अपघात ठरू शकतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. डॉक्टर म्हणाले, "या वयात सातचा हट्ट नको. आठच्या आत राहिलं तरी पुष्कळ." आम्ही इतकी वर्षे विचारत होतो, "या गोळीने साखर किती उतरेल?" खरे तर विचारायला हवे होते, "ही गोळी हृदयाला मानवेल का?"

परवा अक्काचा फोन आला. आवाज पडलेला. "अरे, या खेपेला पावणेआठ आले."

मी विचारले, "वजन?"

"आहे तेवढंच."

"आणि उशा किती लागतात?"

"एकच," ती म्हणाली. "पण सात कुठे आणि पावणेआठ कुठे!"