मेल सर्व्हरची देखभाल, भाग ६ : रिस्टोअर अडतो तेव्हा

बॅकअपचा रोजचा रिपोर्ट हिरवा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका, असे मागच्या भागात सांगितले होते. बॅकअप टेस्ट मशीनवर उतरवून पाहिल्याशिवाय त्याची खात्री देता येत नाही. अनेकांचे घोडे नेमके तिथेच अडते. फाइली नीट उतरतात, पण एक्सचेंज डेटाबेस माउंट करायला तयार होत नाही. मग बॅकअपच खराब निघाला, असे जाहीर होते. बहुतेक वेळा हा निष्कर्ष घाईचा असतो.

दुकानात आधी रोजकीर्द लिहितात आणि खतावणी मागाहून होते. एक्सचेंजचेही तसेच आहे. प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये जातो, ईडीबी फाइलमध्ये तो थोड्या वेळाने उतरतो. बॅकअप चालू सर्व्हरवरून घेतलेला असतो, त्यामुळे उतरवलेल्या ईडीबीची अवस्था ‘डर्टी शटडाउन’ दिसणे स्वाभाविक आहे. राहिलेले लॉग तिच्यात चढवले की काम झाले.

कोणते लॉग लागतील, हे फाइलच्या हेडरमध्येच लिहिलेले असते. ईएसईयूटिल ‘/एमएच’ लावून चालवा आणि ‘लॉग रिक्वायर्ड’ ही ओळ शोधा. समजा तिथे २५९१ ते २५९४ आहे. फाइलींच्या नावांत हाच आकडा हेक्साडेसिमलमध्ये असतो. २५९१ म्हणजे ए१एफ आणि २५९४ म्हणजे ए२२. लॉगचा प्रिफिक्स ई०३ असेल, तर ई०३०००००ए१एफपासून सलग चार फाइली हव्यात. मधली एकही गहाळ चालत नाही. शेवटची मात्र नुसत्या ई०३ या नावाने असू शकते. तिचा क्रमांक ‘/एमएल’ने कळतो.

लॉग सगळे आहेत आणि तरी ‘/आर’ने रिकव्हरी होत नाही, अशी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. तिचे मूळ बहुधा पाथमध्ये असते. डेटाबेस मूळ सर्व्हरवर कोणत्या फोल्डरमध्ये होता, ते लॉगमध्ये नोंदलेले असते. आपण काही सांगितले नाही, तर ईएसईयूटिल ती फाइल त्याच जुन्या पत्त्यावर शोधते. टेस्ट मशीनवर तो ड्राइव्हच नसतो आणि पदरात पडते उणे १२१६ ही एरर. ‘/एल’पुढे लॉगचे आणि ‘/डी’पुढे डेटाबेसचे नवे फोल्डर द्या. ‘/डी’ विसरू नका.

दुसरे कारण सरमिसळीचे. टेस्ट मशीनच्या स्वतःच्या डेटाबेसचे लॉग आणि चेकपॉइंट फाइल ज्या फोल्डरमध्ये आहेत, तिथेच रिस्टोअर करू नये. प्रत्येक लॉगमालिकेची सिग्नेचर वेगळी असते, परके लॉग डेटाबेसला चालत नाहीत. रिकामे फोल्डर घ्या.

लॉग खरोखरच गहाळ असतील, तर मूळ सर्व्हरवर दोन वेगवेगळी बॅकअप सॉफ्टवेअर चालू आहेत का, ते पाहा. एकाने फुल बॅकअप घेऊन लॉग छाटले, की दुसऱ्याची साखळी तुटते.

आता ‘/पी’बद्दल. ही रिपेअर म्हणजे दुरुस्ती असे समजून लोक पहिल्या झटक्यात तीच चालवतात. ती वाचता न येणारी पाने टाकून देते, आणि त्यानंतर जुने लॉग त्या फाइलवर चढवता येत नाहीत. म्हणजे मागाहून लॉग सापडले तरी उपयोग शून्य. मूळ प्रत बाजूला ठेवल्याशिवाय ‘/पी’ला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

अवस्था ‘क्लीन शटडाउन’ झाली, की रिकव्हरी डेटाबेस म्हणून माउंट करा. ही सोय एक्सचेंज २०१० पासून आहे. त्यातून एखादी मेलबॉक्स बाहेर काढून उघडून पाहा.

एक्सचेंज २०१६ आणि २०१९ चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुमचा सर्व्हर यांपैकी असेल, तर नव्या आवृत्तीवर जाण्याआधी हा रिस्टोअर एकदा शेवटपर्यंत नेऊन पाहाच.