पाटी हाती घेण्याचे वय

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे एक लहानसे गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनाचे निमित्त साधून, तेथे एक शाळा सुरू झाली. विद्यार्थिनींची वये साठ ते नव्वद. अंगावर गुलाबी साडीचा गणवेश, खांद्याला दप्तर आणि दप्तरात पाटी. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरातली कामे उरकून, जेवणे आटोपून येता यावे अशी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने सुरू केलेली ही ‘आजीबाईंची शाळा’. शिकवणारी बाई गावातलीच एक सून आणि विद्यार्थिनींमध्ये तिच्या स्वतःच्या सासूबाईही!

या शाळेच्या बातम्या पुष्कळ झाल्या, छायाचित्रेही देशोदेशी गेली. पण आपण स्वतः वयस्क असाल, किंवा घरातील वृद्ध व्यक्तीची देखभाल आपल्याकडे असेल, तर केवळ कौतुक करून पान उलटणे पुरेसे नाही. त्या आजीबाई शाळेत का गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. त्यांची मागणी पदवीची नव्हती. गावात पोथीचे वाचन चालते, तेव्हा आपल्यालाही ती वाचता यावी, ही एक इच्छा. आणि बँकेत अंगठा उठवण्याऐवजी स्वतःच्या नावाची सही करता यावी, ही दुसरी.

अंगठ्याची गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु ज्याने आयुष्यभर अंगठा दिला आहे त्याला विचारा. शाई लावलेला अंगठा दुसऱ्या कोणी तरी धरून कागदावर दाबायचा, वरच्या मजकुरात काय लिहिले आहे ते त्यालाच विचारायचे, तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, आणि मग बोट पदराला किंवा भिंतीला पुसत बाहेर पडायचे. औषधाच्या पाकिटावर काय लिहिले आहे, एस.टी.च्या पाटीवर कोणते गाव आहे, वीजबिलाचा आकडा किती, साऱ्यासाठी दुसऱ्याचे डोळे लागतात. ते डोळे मायेचे असतील तर निभावते. नसतील तर शेत आणि घरही जाते. अक्षरओळख ही म्हातारपणीची हौस नव्हे, ती मालमत्तेची आणि प्रकृतीची राखण आहे.

येथे एक व्यवहाराची सूचना. सही शिकल्याच्या आनंदात लगेच बँकेच्या कागदावर ती करू नये. खात्यावर अंगठ्याची नोंद असेल तर ओळखपत्रांसह शाखेत जाऊन आधी नमुना सही बदलून घ्यावी, नाही तर पैसे अडकतील आणि नव्या विद्यार्थ्याचा हिरमोड होईल. सही सुटसुटीत असावी, पण रोज वळणाने तशीच उमटेल इतका सराव झाल्यावरच ती कागदोपत्री न्यावी.

आता घरातील अडसर. ‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण इतक्या सहजपणे बोलतो, की ते वैद्यकशास्त्राचे वचन आहे असे वाटावे. बहुतेक वेळा वृद्ध माणूस स्वतःच म्हणतो, “गोवऱ्या मसणात गेल्या, आता शिकून काय करायचे?” आणि घरचे मान डोलावतात. त्या वाक्यामागे पुष्कळदा लाज असते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी जिला शाळेतून काढले, गुरांमागे पाठवले, किंवा न कळत्या वयात जिचे लग्न लावून दिले, तिने शाळा नाकारलेली नव्हती. शाळा तिला नाकारली गेली होती. नातवंडांसमोर चुकण्याची भीती तिला वाटणारच. म्हणून पहिले अक्षर घरात गिरवण्यापेक्षा समवयस्कांच्या घोळक्यात गिरवणे सोपे जाते. तिथे सगळ्यांचाच ‘अ’ वाकडा येतो.

बुद्धी नाठी होते का, याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वयानुसार आकलनाचा वेग मंदावतो, नाव चटकन आठवत नाही, एका वेळी दोन गोष्टी करणे जड जाते. पण शब्दसंपत्ती टिकते, बहुधा वाढतेही. आणि जुन्या अनुभवाला जोडून नवे ग्रहण करण्याची शक्ती शाबूत राहते. २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधील व्यक्तींच्या मेंदूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरे ओळखणारा भाग तयार झालेला त्यात आढळला. आपल्या दृष्टीने अधिक जवळचा अभ्यास २०१७ सालचा. उत्तर प्रदेशातील खेड्यांतील निरक्षर स्त्रियांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले, तेव्हा मेंदूच्या अगदी खोल भागांतील जोडण्यांतही बदल दिसला. त्या स्त्रिया तिशीच्या आसपासच्या होत्या, म्हणून तो निष्कर्ष पंचाहत्तरीच्या व्यक्तीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बालपण सरले म्हणजे अक्षरांचा दरवाजा बंद झाला, हा समज मात्र त्याने खोटा ठरवला.

साठीनंतरचा पुरावाही आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डेनिस पार्क यांच्या गटाने साठ ते नव्वद वर्षांच्या व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकवले. काहींनी तेवढाच वेळ गप्पा, सहली आणि करमणुकीत घालवला. नवे व अवघड काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. गोधडीचे नाव ऐकून आपल्याकडच्या आज्या हसतील, पण ज्याला ती येते त्याच्यासाठी ती करमणूक आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती विद्या. मुद्दा नवेपणाचा आणि थोड्या कष्टाचा आहे. मोबाइलवर ‘बुद्धी तल्लख करणारे’ खेळ विकत मिळतात, त्यांच्या जाहिरातींवर मात्र फार भरवसा नको. अशा सरावाने मुख्यतः तोच खेळ चांगला येऊ लागतो.

शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे वचन कोणी देऊ नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित आणि बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत अल्पशिक्षण आहे, एकाकीपणा आहे, आणि न तपासलेले कान व डोळेही आहेत. शेजारपाजारच्या वर्गात आठवड्यातून तीनदा जाणारी व्यक्ती यांतील निदान दोन-तीन गोष्टींकडे आपोआप लक्ष देऊ लागते, एवढे निश्चित म्हणता येते.

आधी चष्मा, मग पाटी

कान-डोळ्यांचा उल्लेख आला, तर त्यावर थोडे थांबावे, कारण वर्ग बंद पडतात ते बहुधा इथेच. ‘आजोबांच्या डोक्यात शिरत नाही’ अशी तक्रार येते, आणि पाहावे तर त्यांना फळा दिसतच नसतो. मोतीबिंदू पिकत आलेला, चष्मा दहा वर्षांपूर्वीचा, खोलीत एकच मिणमिणता दिवा, त्यात उजेड समोरून डोळ्यांवर येणारा. म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घ्यावी. उजेड मागून किंवा बाजूने यावा, अक्षरे ठळक, काळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी, आणि वर्तमानपत्राच्या अक्षरापेक्षा बरीच मोठी असावीत.

श्रवणाचे गणित आणखी फसवे आहे. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे माणसाला ‘ऐकू येते’, पण स, श, फ, ख यांसारखी व्यंजने धूसर होतात. अशा विद्यार्थ्यासमोर ओरडून उपयोग नाही. ओरडण्याने स्वर वाढतो, व्यंजन स्पष्ट होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असे, किंचित सावकाश बोलावे. पंखा फार खडखडत असेल तर तो बंद करावा, किंवा निदान त्याच्यापासून दूर बसावे. गुडघ्यांसाठी सतरंजीऐवजी खुर्च्या, जवळच स्वच्छतागृह, मधुमेहींसाठी मध्यंतरात चार घास: या व्यवस्था अभ्यासक्रमापेक्षा महत्त्वाच्या आहेत, असे म्हटले तरी चालेल.

शिकवणाऱ्यांची जबाबदारी मुलांच्या शाळेपेक्षा वेगळी. एका बैठकीत एकच नवी गोष्ट. कालची गोष्ट आज, पुन्हा चार दिवसांनी, पुन्हा पंधरवड्याने. बाराखडीच्या क्रमाचा आग्रह कशाला हवा? ज्याचे नाव ‘विठाबाई’ त्याला ‘वि’ आधी येऊ द्या. आणि चूक दुरुस्त करताना ‘मघाशीच सांगितले ना’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत.

कट्ट्यावरचे विद्यापीठ

ज्यांना लिहिता-वाचता येते, निवृत्तिवेतन आहे, वेळही आहे, त्यांचा प्रश्न निराळा. त्यांच्यासाठी युरोपात ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ ही कल्पना निघाली. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे पियेर व्हेलास यांनी विद्यापीठाचे दरवाजे ज्येष्ठांना उघडले. १९८०च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट, मायकेल यंग व एरिक मिडविंटर यांनी त्या कल्पनेला वेगळे वळण दिले: प्राध्यापक नकोत, परीक्षा नको, प्रमाणपत्र नको, सभासदांनीच सभासदांना शिकवायचे. मला हे दुसरे रूप आपल्या मातीला अधिक मानवणारे वाटते. ज्येष्ठ नागरिक संघ आपल्याकडे गावोगावी आहेत, शंभर-दीडशे वर्षांची वाचनालये आहेत, मंदिरांचे सभामंडप दुपारी रिकामे असतात. निवृत्त पोस्टमास्तर अल्पबचत समजावून सांगतील, परिचारिका राहिलेल्या बाई रक्तदाबाचे यंत्र वापरायला शिकवतील, आणि कोणी शेतकरी कलम बांधायला. संघाच्या सभेत वाढदिवसाचे केक आणि त्याच त्याच व्याख्यात्यांचे सत्कार थोडे कमी झाले, तर यासाठी तास सहज निघेल!

ज्यांना पदवीच हवी, त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तेथे वय आड येत नाही. निरक्षरांसाठी केंद्र शासनाचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला असून पंधरा वर्षांवरील कोणीही त्यात येऊ शकते, अगदी नव्वदीचेही. शिकवणारे स्वयंसेवक असतात. शेवटी वाचन, लेखन आणि अंकज्ञानाची सोपी चाचणी होते. चौकशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत करावी. केरळमध्ये कार्त्यायनी अम्मांनी २०१८ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, राज्याच्या साक्षरता परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवले होते. आपल्याकडेही महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी १९३६ साली नवी संस्था काढली, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

आज मात्र एक विषय सर्वांत तातडीचा आहे: हातातला मोबाइल. हयातीचा दाखला आता घरबसल्या, चेहऱ्याच्या पडताळणीने देता येतो. पण त्याच फोनवरून आयुष्याची पुंजी एका दुपारी नाहीशी होते, आणि त्यानंतर वृद्ध माणूस मुलांना सांगतही नाही. वर्गात पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तोंडपाठ कराव्यात. पैसे येण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. तो केवळ पैसे जाण्यासाठी लागतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. आणि फसवणूक लक्षात येताच, क्षणाचाही संकोच न करता, १९३० या क्रमांकावर कळवायचे. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या मागे चिकटवावा. देखभाल करणाऱ्यांना एक विनंती: आई-वडिलांच्या हातातून फोन घेऊन ‘द्या, मी करतो’ म्हणू नका. ते आपल्याला सोयीचे असते, त्यांना नव्हे. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, बोट त्यांचेच फिरू द्या, आणि पायऱ्या त्यांच्या स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून घ्यायला सांगा.

घरातील व्यक्तीला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल, तर वर्गाचे स्वरूप बदलते. वर्ग थांबत नाही. तेथे नवे पाठ करून घेण्याचा हट्ट नको. ‘ओळखा पाहू, हा कोण?’ अशी परीक्षा पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. उत्तर न आल्याची वेदना, प्रश्न विसरल्यावरही मागे राहते. त्याऐवजी हाताला ठाऊक असलेली कामे द्यावीत: वाती वळणे, शेंगा सोलणे, पूर्वी म्हटलेले अभंग म्हणणे, आणि एखादी ओवी त्यांनी आपल्याला शिकवणे. थकवा दिसताच थांबावे. दिवस मावळताना अस्वस्थता वाढत असेल, तर हे सारे सकाळीच उरकावे. विसर अचानक, काही दिवसांतच वाढला, तर त्याला वयाचा दोष मानून बसू नये. जंतुसंसर्ग, औषधांचा परिणाम किंवा शरीरातील क्षारांचे असंतुलन ही कारणे असू शकतात, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

वर्ग काढायचाच असेल, तर पाच-सहा जण पुरेत. आठवड्याचे तीन दिवस, दीड तास, आणि न आलेल्याच्या घरी त्याच संध्याकाळी कोणी तरी डोकावून यायचे, एवढा नियम. फांगण्यासारखी दुपारी दोनची वेळ बहुतेकांना सोयीची पडेल. उन्हाळ्यात ती थोडी पुढे न्यावी, आणि दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवावा.