दोन टेबलांच्या मधोमध

भात झोडताना एखादं पातं उडून डोळ्याला लागतं. डोळा चरचरतो, पाणी येतं. शेतकरी पंच्याने डोळा पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. तीन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. पात्याबरोबर आत गेलेली बुरशी तोवर कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पोखरू लागलेली असते. घरी कुणी एरंडेल घालतं, कुणी अंगावरचं दूध. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असलं तर बुरशीला मोकळं रानच मिळतं. नशिबाने व्रण भरला तरी मागे डाग राहतो. ‘डोळ्यात फूल पडलं’ असं आपण म्हणतो ते हेच.

मदुराई जिल्ह्यात कॉर्नियाचे व्रण किती होतात याची मोजणी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली: वर्षाला लाख माणसांमागे 113. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका काउंटीत हाच आकडा 11च्या आसपास होता. जिथे नवी औषधं शोधायला पैसा आहे तिथे हा रोग दुर्मीळ, आणि जिथे रोग आहे तिथल्या रुग्णाला एसटीच्या भाड्याची विवंचना. मग बुरशीवर कोणतं औषध खरं लागू पडतं, हे तपासणार कोण?

ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तपासलं. फुकट आणि स्वस्त शस्त्रक्रियांसाठी अरविंदचं नाव जगभर झालं, व्यवस्थापनाच्या वर्गांत त्यांची पद्धत शिकवली जाते. मला मात्र या संस्थेचं सगळ्यात मोठं काम तिच्या संशोधनात दिसतं, आणि ते संशोधन दारातल्या गर्दीतूनच उभं राहिलं आहे.

बुरशीसाठी नाटामायसिन नावाचे जुने थेंब होते. व्होरिकोनॅझोल हे नवं औषध डोळ्यात जास्त खोल झिरपतं, म्हणून तेच सरस असणार असं अनेक डॉक्टरांना वाटत होतं. अरविंद आणि सॅन फ्रान्सिस्कोची प्रॉक्टर फाउंडेशन यांनी मिळून 323 रुग्णांवर दोन्हींची तुलना केली. कुणाला कोणतं औषध, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. निकाल 2013 मध्ये छापून आला: जुनं औषध जिंकलं. नाटामायसिन घेतलेल्यांची नजर जास्त सुधारली आणि कॉर्नियाला भोक पडण्याचं किंवा ती बदलावी लागण्याचं प्रमाण कमी राहिलं. शेतातून येणाऱ्या फ्युझेरियम बुरशीच्या बाबतीत तर फरक फारच मोठा होता. थेंबांच्या जोडीला व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या दिल्याने काही साधतं का, हे पुढे आणखी 240 रुग्णांवर पाहिलं. एकंदरीत काही साधत नाही, असं 2016 मध्ये कळलं. गरीब माणसाचा महागड्या गोळ्यांवरचा खर्च वाचवणारं हे ‘नाही’ मला पहिल्या निकालाइतकंच मोलाचं वाटतं. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाटामायसिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

अरविंद सुरू झालं 1976 साली, भाड्याच्या घरातल्या 11 खाटांवर. संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी तेव्हा 58 वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. तरुणपणीच संधिवाताने त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती. त्या बोटांनी चाकू धरायला ते नव्याने शिकले आणि आयुष्यात लाखावर डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. बहीण डॉ. नाचियार आणि मेहुणे डॉ. नम्पेरुमालसामी सुरुवातीपासून सोबत होते.

शस्त्रक्रिया फुकट ठेवली तरी खेड्यातली माणसं येईनात. बसभाडं, जेवण, बुडणारी मजुरी, सोबत येणाऱ्याचीही बुडणारी मजुरी, हे फुकटात कुठे बसत होतं? मग शिबिरातून रुग्णाला बसने आणायचं, जेवू घालायचं आणि परत सोडायचं, अशी रीत पडली.

शस्त्रक्रियागृहात सर्जन दोन टेबलांच्या मधोमध बसतो. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार होतो. पहिला डोळा झाला की सूक्ष्मदर्शक फिरवायचा आणि पुढचा डोळा घ्यायचा. रुग्णाला तयार करणं, हत्यारं हातात देणं, पट्टी बांधणं ही कामं खेड्यापाड्यांतून आलेल्या, इथेच दोन वर्षं शिकलेल्या मुली करतात. खरं तर रुग्णालय त्यांच्याच खांद्यावर उभं आहे.

माझ्या आजोबांचा मोतीबिंदू काढला तेव्हा आत भिंग बसवलं नव्हतं. जाड काचांच्या चष्म्यातून ते जिना उतरताना पायरी पायाने चाचपत. आत बसवायचं भिंग परदेशातून येई आणि गरिबाच्या आवाक्यात नसे. 1992 मध्ये अरविंदने ऑरोलॅब काढून ते मदुराईतच बनवायला घेतलं आणि किंमत शंभर डॉलरच्या घरातून दहाच्या आसपास आणली. आज ही भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात.

आता गर्दीचा दुसरा उपयोग. मोतीबिंदूनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं ही क्वचित घडणारी पण भयंकर गोष्ट. डोळा कायमचा जाऊ शकतो. हजारात एकालाही न होणारी गोष्ट एखाद्या औषधाने कमी झाली का, हे लहान रुग्णालयाला कधी कळणारच नाही. अरविंदमध्ये शस्त्रक्रियेच्या शेवटी मॉक्सिफ्लोक्सासिनचं थोडंसं द्रावण थेट डोळ्यात सोडायला सुरुवात झाली आणि 2017 मध्ये सहा लाखांवर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला. औषध न दिलेल्या 3,02,815 डोळ्यांत संसर्ग 214 डोळ्यांना; दिलेल्या 3,14,638 डोळ्यांत 64. हा जुन्या नोंदींचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही दीडशे डोळ्यांचा फरक मी सहज नजरेआड करू शकत नाही.

त्याच वर्षी आणखी एक मोजणी झाली. इथल्या मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियेमागे हवेत जाणारा कार्बन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या साधारण 5 टक्के भरला. इथे बऱ्याच वस्तू निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, तिकडे एकदा वापरून टाकतात. मधुमेहात पडद्याला होणारी इजा संगणकाने ओळखण्याच्या गूगलच्या प्रयोगातही इथली छायाचित्रं होती.

शिबिरांबद्दलही त्यांनी स्वतःला तपासलं. 1999 च्या एका अभ्यासात दिसलं की डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभरातले जेमतेम सात शिबिराला येतात. पुढे गावोगाव कायमची दृष्टी केंद्रं निघाली, आज ती शंभरावर आहेत. तिथे एक प्रशिक्षित मुलगी स्लिट लॅम्पवर डोळा तपासते, फोटो काढते आणि दूरच्या रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावर तो बघून रुग्णाशी बोलतो. भात झोडताना पातं लागलेला माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन तिथवर चालत जाऊ शकतो, ठिपका पांढरा व्हायच्या आत.