ठोका लहान होत नाही

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंग्लंडच्या प्रख्यात वाफेच्या इंजिनाची मोठी चाके ६ फूट ८ इंच व्यासाची आहेत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याहून उंच. याच इंजिनाची ‘ओओ’ मापाची प्रतिकृती घेतली तर सगळे ७६ पटींनी लहान होते आणि चाक जेमतेम २७ मिलिमीटरचे उरते. वेगही त्याच प्रमाणात घटवला, तर ताशी ९६ किलोमीटरची धाव टेबलावर सेकंदाला ३५ सेंटीमीटर एवढी होते. चाकाचा परीघ ७६ पटींनी कमी झाला, वेगही ७६ पटींनी कमी झाला. मग चाकाचे सेकंदाला होणारे फेरे? ते जेवढ्यास तेवढेच राहतात! खऱ्या इंजिनाचे चाक सेकंदाला चार फेरे घेत असेल, तर तळहातावर मावणाऱ्या चाकालाही चारच घ्यावे लागतात. लांबी, उंची, वजन, वेग सगळे आकसते; इंजिनाचा ठोका आकसत नाही. म्हणूनच खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण या चिमुकल्या इंजिनाच्या चालीशी बिनचूक जुळू शकते. डिजिटल आवाजाची सारी किमया या एका गोष्टीवर उभी आहे.

ठोके किती पडायचे हेही ठरलेले असते. वाफ दट्ट्याला सिलिंडरच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकलते आणि प्रत्येक ढकलणीनंतर वापरलेली वाफ धुराड्यातून सुटते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात. नायजेल ग्रेस्ली यांनी घडवलेले आणि १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलेले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ तीन सिलिंडरांचे आहे, त्यामुळे त्याचे एका फेऱ्याला सहा. ताशी १६ किलोमीटरला सेकंदाला चारेक ठोके पडतात, ते सहज मोजता येतात. ताशी ९६ ला ते पंचवीस होतात आणि कान ते वेगळे काढू शकत नाही. भकभक जाऊन सलग घरघर ऐकू येते. ३० नोव्हेंबर १९३४ ला या इंजिनाने ताशी १०० मैलांचा पल्ला गाठला, तेव्हा धुराड्यातून सेकंदाला बेचाळीसच्या आसपास फूत्कार सुटत होते.

ही भकभक म्हणजे इंजिनाचा श्वास. सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यात जोराने सोडली की तिच्यामागे पोकळी तयार होते आणि ती पोकळी भट्टीतून हवा ओढून घेते. चढावर इंजिन जितके जास्त राबते, तितकी वाफ जोरात सुटते, तितकी हवा जास्त ओढली जाते आणि तितकी भट्टी भडकते. राबणे आपोआप आगीला वारा घालते! उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करतो, तेव्हा भकभक थांबते आणि फक्त दांड्यांचा खडखडाट उरतो. जाणकार माणूस डोळे मिटून सांगू शकतो की गाडी चढावर आहे की उतारावर, डबे भरलेले आहेत की रिकामे.

प्रतिकृतीत वाफ नाही, आग नाही. आहे ती एक छोटी विजेची मोटर. तिच्याकडून ही राबण्याची खबर काढायची कशी? या प्रश्नाचे उत्तर मला या छंदातले सर्वांत सुंदर वाटते. इंजिनात किंवा त्याच्या टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, बसवलेला ‘डिकोडर’ नावाचा इलेक्ट्रॉनिक तुकडा मोटरला सलग वीज देत नाही. झटपट चालू-बंद करत देतो. मधल्या एखाद्या क्षणी तो वीज पूर्ण थांबवतो. मोटर तोवर फिरतच असते, आणि फिरणारी मोटर म्हणजे जनित्र. ती उलट काही व्होल्ट तयार करते. डिकोडर ते मोजतो आणि त्यावरून मोटर खरोखर किती वेगाने फिरते आहे हे ओळखतो. चढ लागला, फिरणे मंदावले, की तो जोर वाढवतो. आणि जोर वाढवावा लागला, याचाच अर्थ इंजिन राबते आहे. त्याच क्षणी तो साठवणीतला जड ठोका निवडतो. उतार आला की हलका, किंवा ठोकाच नाही. हे सगळे सेकंदात कितीतरी वेळा घडते. पूर्वी ठोक्याची वेळ साधायला चाकाच्या आसावर विजेचा स्पर्श जुळवावा लागे. आता मोटरच सगळे सांगते.

साठवणीतले ठोकेही खरेच असतात. जतन केलेल्या इंजिनांवर मायक्रोफोन लावून शिट्टी, वाफेचा पंप, कोळशाचे फावडे, ब्रेकची किंचाळी मुद्रित करतात, आणि एकेक ठोका कापून वेगळा ठेवतात. ग्रेस्ली यांच्या तीन-सिलिंडर इंजिनांत मधल्या सिलिंडरची झडप बाहेरच्या दोन झडपांना जोडलेल्या तरफांनी चाले. तरफांचे सांधे झिजले की मधला ठोका सारखा पडत नसे आणि चालीत किंचित लंगडेपणा येई. चांगल्या मुद्रणात तो लंगडेपणा तसाच ठेवतात. तो काढून टाकला, तर इंजिन कोणाचे हे कळणार नाही.

आता हुकूम इंजिनापर्यंत पोचतो कसा ते पाहू. डीसीसी नावाची ही पद्धत जर्मनीच्या बर्न्ड लेंझ यांच्या कामातून आली आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात ती मानक म्हणून स्वीकारली. रुळांत वीज सतत खेळती असते, पण तिची दिशा क्षणोक्षणी उलटते. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर ‘एक’, १०० किंवा अधिक असेल तर ‘शून्य’. म्हणजे जी वीज मोटर फिरवते, तीच निरोपही नेते. सेकंदाला शंभराच्या वर निरोप सुटतात आणि रुळांवरचे प्रत्येक इंजिन ते सगळे ऐकते. वर्गातल्या हजेरीसारखे, ज्याचा क्रमांक पुकारला तेच ‘हजर’ म्हणते.

नवा डिकोडर ३ या क्रमांकाचे हुकूम पाळतो. मग त्याला इंजिनाचा स्वतःचा क्रमांक देतात. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चा ४४७२ हा जुना क्रमांक डीसीसीत सहज बसतो, ब्रिटिश रेल्वेने दिलेला ६०१०३ मात्र बसत नाही, कारण मर्यादा १०२३९ ची. क्रमांक बदलताना आणखी एक गंमत दिसते. डिकोडरला बोलून उत्तर देता येत नाही, म्हणून ‘समजले’ हे सांगायला तो सहाएक मिलिसेकंद मोटरला वीज देतो. वाढलेला प्रवाह नियंत्रकाला कळतो, आणि आपल्याला इंजिन किंचित दचकलेले दिसते.

जोडणी मात्र जपून करावी लागते. लाल आणि काळी तार रुळांकडे, केशरी आणि करडी मोटरकडे. मोटरचे एखादे टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला चिकटलेले राहिले, तर डिकोडर जळू शकतो. म्हणून जुन्या इंजिनात सोल्डरिंग आयर्न हाती घेण्याआधी मीटरने ते तपासणे अटळ. रूळ मळले की वीज तुटते, आवाज मध्येच खुंटतो. त्यासाठी एक छोटा कॅपॅसिटर सोबत देतात, तो क्षणभराची पोकळी भरून काढतो.

स्पीकरची अडचण जास्त खोल आहे, कारण ध्वनिलहर मापात लहान करता येत नाही. १०० हर्ट्‌झची लहर ३.४ मीटर लांब असते आणि टेंडर एवढेसे. मोबाइल फोनसाठी तयार झालेले चिमुकले स्पीकर इथे कामी आले. पण त्यांना मागून हवाबंद पेटी हवी. नाहीतर पडद्याच्या मागची लहर पुढच्या लहरीला खाऊन टाकते. पेटीतली एक फटही ठोका पोकळ करते.

दिव्यांच्या बाबतीत बहुतेकांचा हात सढळ असतो, आणि तिथेच इंजिन खोटे दिसू लागते. भट्टीसाठी केशरी आणि लाल एलईडी लावतात. फावड्याचा आवाज येताच दार उघडल्यासारखा उजेड वाढतो, ते शोभते. पुढचे दिवे मात्र तेलाचे होते, वाट उजळण्यासाठी नव्हतेच. एलईडीला नेहमीच्या १ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की ती मंद पिवळी ज्योत जमते. ब्रिटिश रेल्वेवर त्या दिव्यांची जागा सिग्नलवाल्याला गाडीचा दर्जा सांगायची: बफरांवर एकेक दिवा म्हणजे एक्स्प्रेस, धुराड्यापाशी वर एकच दिवा म्हणजे थांबत जाणारी पॅसेंजर. त्यामुळे दिवे बसवण्याआधी आपले इंजिन कोणती गाडी ओढणार हे ठरवावे लागते. डिकोडरमध्ये पुरेशी टोके असतील तर या तिन्ही जागी एकेक एलईडी बसवून प्रत्येक मांडणीला वेगळे बटण देता येते, आणि तेच इंजिन एका बटणावर एक्स्प्रेस, दुसऱ्यावर पॅसेंजर होते.