खोली कुणाची, भाडं कुणाचं?

लंडनच्या प्रिमरोज हिल भागातलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये तीस कोटींहून अधिक रुपये मोजून विकत घेतलं. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं भाड्यानं राहत होते. आमच्या पेठ वडगावच्याच तालुक्यातल्या माणगावला मार्च १९२० मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांचं नेतृत्व जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ते अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहणाऱ्या विद्यार्थ्याला परवडलेली, रेल्वेच्या धुरातली ती वस्ती आज धनिकांची आहे! त्या घराचं स्मारक करायला तिथल्या कॅम्डेन कौन्सिलनं, म्हणजे पालिकेनं, आधी नकार दिला, कारण काय, तर राहती जागा कमी होईल. परवानगी मिळाली ती २०२० मध्ये.

राहती जागा इतकी मोलाची असेल, तर बाहेरून शिकायला आलेली मुलं वस्ती महाग करतात का?

गणित थक्क करणारं आहे. समजा, एका घराला चौघांचं कुटुंब १२ हजार भाडं देतं. कमावणारा बहुधा एकच. तेच घर चार विद्यार्थ्यांनी प्रत्येकी चार हजारांत घेतलं, की मालकाच्या हाती १६ हजार. एकेका मुलाची ओढाताण चालूच असते, पण चौघं मिळून कुटुंबाला मागं टाकतात. मुलं दोन-तीन वर्षांत निघून जातात, चढलेलं भाडं मात्र उतरत नाही. इंग्लंडमधल्या लीड्सच्या हेडिंग्ली भागात विद्यार्थी वाढत गेले तशी कुटुंबं हलली, आणि सुट्टीत गल्ल्या ओस पडू लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडानं घरटंचाईचं कारण देत विद्यार्थी परवान्यांत ३५ टक्के कपात जाहीर केली.

पण शंभर वर्षांपूर्वीचा लंडनमधला विद्यार्थी बहुधा घरमालकिणीच्याच घरात एखादी खोली घेऊन राही. त्याच्या भाड्यावर तिचं घर चाले. कुणाला उठून जावं लागत नसे. मला सगळा फरक इथंच दिसतो: मूल कुटुंबासोबत राहायला येतं, की कुटुंबाच्या जागी?

तिसरीही एक वाट आहे, आणि ती कोल्हापूरनं फार आधी धरली. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकामागून एक बोर्डिंगं उभी केली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क. जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदानं दिली. तेव्हा अडचण भाड्याची नव्हती. अनेक मुलांना जातीपायी शहरात कुणी थाराच देत नव्हतं. तरी त्या बोर्डिंगांनी आणखी एक काम केलं. खेड्यापाड्यांतली मुलं शहरात आली, आणि त्यांच्यासाठी कुठल्याही भाडेकरूला बिऱ्हाड हलवावं लागलं नाही.